काळो पडदो बरो

ऋचा, ओम, तुम्ही दोघं तिकडे प्रोग्रॅमिंग शिकता आहात आणि माझी जुनी विद्यार्थिनी महिन्यापूर्वी आजाराने वारली, म्हणून हे आत्ताच लिहिते.

कोणतीही वस्तू हातात आली की ती भुवई उंचावून विचारायची, "कोणाचां? आणि खंयपर्यंत?" म्हणजे मालक कोण, आणि कुठवर. मग ते माझं पेन असो की प्रोग्रॅममधली नोंद. मुंबईची नोकरी सोडून ती आपल्या कट्टा गावात मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवायची. संगणक चुका इंग्रजीत सांगतो. त्या वाचून समजावायला मी, शाळेतली इंग्रजीची बाई, जात असे.

मच्छीमार संस्थेच्या प्रोग्रॅममुळे बंदरावरच्या पडद्यावर कोणाची होडी समुद्रात कुठे आहे ते दिसे. एका दुपारी तिच्या वडिलांच्या होडीचं इंजिन बंद पडलं, सिग्नलही तुटला. प्रोग्रॅमने त्यांची नोंद पुसून संगणकाच्या स्मृतीतली ती जागा दुसऱ्या होडीला दिली, पण पडदा त्यांच्यासाठी त्याच जागेकडे बोट दाखवत राहिला. वडिलांच्या नावापुढे धक्क्याला बांधलेली होडी दिसत होती. त्यामुळे शोधायला कोणी गेलंच नाही. संध्याकाळी एका ओळखीच्या होडीने त्यांना ओढून आणलं.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "रोज सकाळी एकदा बंद करून चालू करूया गो. काम भागात."

तिने सरळ पडद्याची वायरच उपटली. "बापूस दर्यात आणि ह्यो दाखवता घराक इलो. ह्याच्यापरास काळो पडदो बरो."

"हट्टी आसस."

"आसंय."

पुढचे कित्येक दिवस ती धक्क्यावर फळा लावून खडूने होड्यांची नावं लिहीत होती. आणि वर्गात तोच प्रोग्रॅम एका कडक भाषेत नव्याने लिहीत होती. त्या भाषेत प्रत्येक गोष्टीला एकच मालक. बाकीच्यांनी ती बघण्यापुरती उसनी घ्यायची, तीही मालक असेपर्यंतच. त्यानंतर कोणी तिच्याकडे बोट दाखवणार असेल, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही.

नकार वाचून वाचून मी वैतागले. "किती भांडतो गो हा!"

"बाई, ह्यो हयसर भांडता म्हणान थंय दर्यात कोण बुडाचो नाय."

अखेर पडद्यावर तिचाच प्रोग्रॅम लागला. पण ती गेल्यावर, गेल्या आठवड्यात संस्थेने जुना प्रोग्रॅम परत आणायचं काढलं. तिच्या मुली सभेत उभ्या राहिल्या, मीही राहिले. आम्ही हलणार नाही हे कळल्यावर त्यांनी विषय मागे घेतला.

तिच्या नियमाप्रमाणे मालक गेला की त्याच्याकडे दाखवणारं बोट उरता कामा नये. तो नियम मी इथे, तिच्याबद्दल लिहून, मोडते आहे, आणि मोडत राहणार आहे.

पडदा चालू आहे. तिचे वडील आज सकाळी बाहेर पडले. त्यांची होडी जिथे आहे, तिथेच दिसते आहे.