नॉ ला सेनं शिडी सोडली नाही

क्लोथा गावात कुणाचे दात थंडीनं वाजायला लागले, की घरचे आधी पांघरूण शोधत नाहीत, नॉ ला सेला हाक मारतात. तिच्या बांबूच्या घराखाली, जिथं इतरांची डुकरं लोळतात, तिथं तिनं एक टेबल, एक बाक आणि पाण्याचा माठ मांडलाय. तेवढाच दवाखाना. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि सुपारी चघळत वाट बघायची. एकच रेघ उमटली तर घरी जा, बांबूच्या कोंबांची गरम पेज, तालापॉ, प्या आणि झोपा. दुसरी उमटली की मलेरिया, आणि मग थरामूच्या तावडीतून सुटका नाही. थरामू म्हणजे बाई, मास्तरीण. शाळेत ती फार शिकली असं नाही, पण गावानं बाई म्हटलं की म्हटलं.

हे काम शिकायला ती नदीपलीकडे गेली, तेव्हा पहिल्याच बोटातलं रक्त बघून धाडकन आडवी झाली होती. आणि ते बोट तिचं स्वतःचं! शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "दुसरं बोट घ्या, हे घाबरलंय." लोक हसले, ती हसली नाही. तिची थोरली बहीण पोटुशी असताना तापानं फणफणली होती, तिला झोळीत घालून नदीपर्यंत आणली होती आणि नाव नेमकी पलीकडच्या काठाला होती. नाव परत येईपर्यंत बहीण थांबली नाही. असं ज्यानं पाहिलंय, तो सुईला किती दिवस भिणार?

आता पाती क्वे थूची गोष्ट. पाती म्हणजे काका, आणि हा तर अख्ख्या गावाचा काका. शिकारी माणूस. रानडुक्कर पडलं की त्याचे वाटे तोच घालणार. हात तराजूसारखा, आणि एकही घर विसरायचं नाही. शिकारीला न आलेल्याचाही वाटा, अंथरुणाला खिळलेल्याचाही वाटा. एका वर्षी त्याच्या बायकोला ताप भरला, पट्टीवर दोन रेघा आल्या. ला सेनं गोळ्यांचं पाकीट दिलं, रोज किती घ्यायच्या ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बघायला गेली. पाकीट रिकामं!

"सगळ्या एकदम गिळल्या की काय, मूगा?" तिनं घाबरून मूगाला, म्हणजे काकूला विचारलं.

"छे गं, मला एकच मिळाली," काकू पांघरुणातून म्हणाली. "यांनी वाटल्या."

क्वे थूनं पोरांना, सुनेला, पाहुणा आलेल्या मेव्हण्याला एकेक गोळी दिली होती. शिकारी कुत्र्याला अर्धी. आणि हे सगळं छाती फुगवून सांगत होता! घरात आलेली चीज एकट्यानं खायची, हे त्याच्या डोक्यात येणारच नव्हतं.

मग ला से जी कडाडली! शेजारीपाजारी भात कांडायचं थांबवून ऐकत राहिले. "आजाऱ्याचं औषध आजाऱ्यानंच खायचं! एवढं कळत नाही तुम्हाला, पाती?" नवं पाकीट आणलं आणि काकूची गोळी रोज आपल्यासमोर गिळून होईपर्यंत त्यांच्या शिडीवर ठिय्या मारला. काकू बरी झाली. गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. कुत्रा भुंकला तरी लोक विचारायचे, "काय पाती, ताप उतरला का त्याचा?" क्वे थूनं ला सेशी बोलणं टाकलं.

पुढं एका उन्हाळ्यात, डोंगरावरची शेतं जाळून काळी झाली असताना, नदीपलीकडून संशोधनवाले आले. त्यांनी धडधाकट लोकांच्या दंडातून रक्त घेतलं. "विकतात म्हणे," कुणीतरी म्हणालं. "तुझं कोण घेणार? निम्मी तर तांदळाची दारू आहे," बायकोनं तिथल्या तिथं गप्प केलं. त्यांचा डॉक्टर परत आला तो काळजीचा चेहरा घेऊन. ज्यांना कधी ताप आला नाही, अशा कितीतरी जणांच्या रक्तात मलेरिया लपून बसला होता. डास त्यांना चावणार आणि तोच रोग पुढच्याला देणार. उपाय एकच, सगळ्या गावानं एकाच वेळी औषध घ्यायचं, आजारी असो वा नसो. आणि जवळजवळ सगळं गाव तयार असेल तरच. नाहीतर पावसाच्या आत दुसरं गाव गाठायचं होतं त्यांना.

"माझ्या मुलीला दिवस गेलेत," ला सेनं विचारलं. "तिचं काय?"

"पहिल्या महिन्यांत हे औषध नाही देता येत," डॉक्टर म्हणाला. "मच्छरदाणीत झोपायचं. आणि बाकीच्यांचं रक्त साफ झालं, तर तिच्यापर्यंत रोग येणार कुठून?"

सेर पॉ, तिची मुलगी, शेजारीच बसली होती. आईकडं बघून हसली. ला सेला मात्र नदीचा काठ आठवला आणि पलीकडे बांधलेली नाव.

गावसभेत खालची आळी तयार झाली. वरच्या आळीची तोंडं क्वे थूकडं. तो उठला, सुपारी थुंकला आणि किती काळानं ला सेशी बोलला.

"थरामू, आजाऱ्याचं औषध दुसऱ्यानं खाऊ नये म्हणून तू मला गावासमोर झोडलंस. आज म्हणतेस, ठणठणीत माणसानं खावं. तुझं खरं बोलणं कुठलं? आजचं की तेव्हाचं?"

सभा खदखदा हसली. तो निघून गेला आणि त्याच्यामागं वरची आळी. डॉक्टर म्हणाला, "उद्याचा दिवस वाट बघू, नाहीतर परवा निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ला से डोंगरावर गेली. क्वे थू आपल्या शेतातल्या खोपीत कुंपणाचे बांबू तासत होता. ती खोपीच्या शिडीवर बसली.

"पुन्हा शिडी?" तो वर न बघता म्हणाला. "जेवलीस का?"

"नाही."

त्यानं भात, मिरची आणि मासळीची चटणी पुढं सरकवली. राग आपल्या जागी, जेवण आपल्या जागी. तिनं पोटभर खाल्लं आणि पुन्हा शिडीवर जाऊन बसली. ऊन डोक्यावर आलं. राख उडून दोघांची तोंडं काळी झाली.

"घरी जा की गं बाई!"

"नाही जाणार. पाती, डुक्कर पडलं की तुम्ही किती वाटे घालता?"

"जितकी घरं तितके."

"आणि एका घराला पुरेल एवढाच तुकडा आला, तो सगळ्या गावात वाटला तर?"

"मुंगीचंसुद्धा पोट भरणार नाही."

"मी ओरडले ते त्यासाठी. काकूचा एकटीचा वाटा तुम्ही सगळ्या घरात वाटलात. कुणाचाच ताप गेला नसता. ते बोलणं खरं होतं. गावासमोर बोलले ते मात्र चुकलंच. या वेळी प्रत्येकाचा पुरा वाटा आलाय, पाती. फक्त माझ्या सेर पॉचा नाही. तिला देताच येत नाही. तुम्ही बाकीचे खाल, त्यावरच तिनं राहायचंय."

बांबू तासणारा कोयता थांबला. तिची बहीण झोळीतून नेली, तेव्हा झोळीच्या दांड्याचं एक टोक याच्याच खांद्यावर होतं.

"कडू असतात का?" शेवटी त्यानं विचारलं.

"फार."

"वाटे मी घालणार. त्या नदीपलीकडच्यांनी नाही."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला, पण कबूल झाला. नर्सनं वयावजनाप्रमाणं गोळ्या काढायच्या, नावांवर खूण करायची आणि क्वे थूनं आपल्या सवयीच्या क्रमानं एकेक घर पुकारून हातात ठेवायच्या. पहिला वाटा त्यानं स्वतः गिळला आणि असं तोंड केलं, की पोरं आयांच्या मागं लपली. एकानं गोळी गालात दडवली. ला सेनं त्याचं कानशील धरलं. "सुपारी थुंक, गोळी गिळ, मग जीभ दाखव!" पुढचे दिवसही तसेच गेले, आणि पुढच्या फेऱ्याही. कुणाला मळमळलं, कुणी शिव्या घातल्या. वरच्या आळीत एकही घर सुटलं नाही.

पाऊस लागला. भातात तण माजलं आणि सेर पॉ पोट सावरत निंदायला जाऊ लागली. एका दुपारी ती भिजून आली आणि घराखालच्या बाकावर बसली. तिचे दात वाजत होते.

ला सेनं सुई उचलली. हजारो बोटं टोचलेला तिचा हात लेकीच्या बोटापाशी येऊन अडला. तिनं हात पदराला पुसला, पुन्हा उचलला, पुन्हा तेच.

"दे इकडं," सेर पॉनं सुई घेतली आणि स्वतःचं बोट स्वतःच टोचलं. थेंब पट्टीवर पडला. मायलेकी पट्टीकडं बघत बसल्या. सुपारी तोंडात घालायचं सुद्धा ला सेला सुचलं नाही.

एक रेघ उमटली. त्या वाट बघत राहिल्या. पट्टी सुकली, तरी दुसरी उमटली नाही.

"भिजल्यानं हुडहुडी भरली असेल," सेर पॉ म्हणाली.

"भिजलीसच कशाला? पोटात पोर घेऊन पावसात निंदायचं असतं का? घरी कुणी नाही का दुसरं? जा, चुलीपाशी बस!" असं म्हणून ला से जी भडकली, ती थांबेना. ओरडता ओरडता तिनं पट्टी डब्यात टाकली, हात धुतले, डोळेही त्याच पाण्यानं धुतले आणि बाकावर येऊन बसलेल्या पुढच्या माणसाचं बोट धरलं.