बाबांची जुनी, चाचांची नवी

गाड्यांवर लिहायचा मला अधिकार नाही, माफी असावी. मला अजून गिअरही नीट टाकता येत नाही. पण घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून कुठलाही निवाडा माझ्याकडे यायचा. त्यातलाच हा एक.

आमच्या धाड गावात माझ्या बाबांकडे आणि त्यांचे दोस्त, बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या चाचांकडे एकाच कंपनीची एकेक लांब गाडी होती. तिला स्टेशन वॅगन म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं. पळण्यात दोन्ही नावाजलेल्या. बीटी कपाशी पहिल्यांदा भरभरून आली, त्या साली बाबांनी जुनी घेतली. चाचांची तिचंच नवं रूप. बटणावर काचा, थंड हवा, दार लागल्याचं कळतसुद्धा नसे. बाबांचं दार दोनदा आपटावं लागे.

"भाऊ, आधी तुमचा धूर येते, मंग गाडी," चाचा म्हणायचे.

"भाई, तुमची तुमच्या बियाण्यावानीच हाय. दरसाल कंपनीच्या दारात उभं राहा. माही घरच्या सरकीवानी. पाना घेतला का झालं."

शर्यत मात्र कधी लागली नाही. रस्त्यात भेटले की दोघं गाड्या थांबवून चहाला बसायचे.

पुढं बोंडअळीनं लागोपाठ हंगाम खाल्ले. ताईचं लग्न बीबीला, नवरदेवाच्या गावी ठरलं, आणि लग्नानंतर गाडी विकायची हेही ठरलं. बाबांची एकच इच्छा होती, ताईला नवरी म्हणून आपल्याच गाडीतून न्यायचं.

"अन् वाटंत सुलतानपूरपाशी बंद पडली तं?" मावशी म्हणाली. "नवरी धक्का मारन काय?"

चाचांनी आपली गाडी देऊ केली. सगळे माझ्याकडे वळले.

मी जुनीचा टिकाऊपणा सांगितला, नवीची सोय सांगितली आणि दोन्ही आपापल्या जागी चांगल्या आहेत, असं म्हणालो.

"हे सांगाले कॉलेजात गेलता काय बे?" ताई हसत सुटली.

गाडीचा निकाल लागायच्या आत मला बुलढाण्याला परतावं लागलं. पुढं ढकललेला पेपर नेमका लग्नाच्या दिवशी आला होता. पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही. ताई कोणत्या गाडीत बसली असेल, एवढंच डोक्यात होतं. दिवसभर कुणाचाच फोन लागला नाही. संध्याकाळी चाचांचा आला.

"पोचलो बे. तुह्या बापाच्याच गाडीत आणली पोरीले."

"बाबांनी नीट चालवली ना?"

"म्या चालवली. निघतानाच चाबी माह्या हातात देली त्यानं. डोये पुसू पुसू बेजार, रस्ता कसा दिसन त्याले? माह्या पोरानं त्याले नव्या गाडीत मांगून आणला."

चाचांनी आवाज एकदम खाली आणला.

"अन् आइक. सुलतानपूरपासून माही मांगंच राह्यली. लय पळते बे तुह्या बापाची गाडी. पन त्याले सांगू नको."