आज आकडा नाही

आमच्या घराण्यात बातमी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. साखरपुडा मोडो की कुणाच्या नव्या गाडीला म्हैस धडको, आवाज कुठे चढवायचा आणि कुठे थांबायचं, हे मला नेमकं कळतं. म्हणून धाकट्या बहिणीची चार वर्षांची मुलगी न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर गेली, तेव्हाही संध्याकाळचं निवेदन माझ्याकडेच आलं. मी हॉस्पिटलातून फोन लावायचा, जे. पी. नगरच्या आत्यानं तो घरी जमलेल्यांसाठी स्पीकरवर टाकायचा आणि मी भाचीच्या रक्ताचे आकडे वाचायचे. अर्थ कुणालाच कळत नसे. पण आकडे ऐकले की सगळ्यांच्या घशाखाली घास उतरे.

माझे मेहुणे, म्हणजे पोरीचे वडील, पुण्याचे; नोकरी इथे कानडी मुलखात, महादेवपुऱ्यात. ते त्या आकड्यांचा लॅपटॉपवर आलेख काढत. एका सकाळी हिमोग्लोबिनची रेघ घसरलेली दिसली आणि ते तडक डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"मॅडम, रक्त जातंय कुठे? सगळ्या टेस्ट पुन्हा करा. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा."

"आजारानंही कमी होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण थोडं आम्हीच काढलंय, तपासायला. एवढ्याशा अंगात रक्त असतं किती? आणखी उतरलं तर बाहेरचं चढवावं लागेल. ते टळलं तर बरं. ज्या तपासणीनं उपचार बदलणार असेल तेवढीच करू, तीही छोट्या नळीत. आज ती स्थिर आहे. आज काढायचं नाही."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, टेस्टशिवाय कळणार कसं?"

"अहो, काचेपलीकडे आहे ना ती," बहीण म्हणाली. "तिकडे बघा की!"

तोवरच्या बऱ्याच तपासण्या उपचारासाठी होत्या, हे खरंच. पण 'अजून एक करून बघा ना' म्हणून आमच्यापैकी कुणीतरी रोज गळ घालत होतं. धीर आम्हाला हवा होता आणि तो निघत होता तिच्या मनगटातून.

संध्याकाळी आत्या कडाडली, "रिपोर्ट नाही म्हणजे? डॉक्टर रजेवर गेली काय?"

"नाही आत्या. आज रक्तच काढलं नाही."

"अय्यो! मग तुम्ही सगळे करताय काय तिथे?"

"बघतोय."

"काय?"

मग मी सांगू लागलो. नर्सअक्कानं तोंड पुसलं तेव्हा पोरीनं भुवया आक्रसल्या. तळव्याला हात लावला तर पाय ओढून घेतला, थेट तुझ्यासारखा, चिडून. फोनपलीकडे कुणी हसलं, मग कुणी नाक ओढलं.

"सरी, बरं," आत्या हळूच म्हणाली. "स्वल्प पुन्हा सांग. ते पायाचं."

पुढे व्हेंटिलेटरची नळी काढायच्या आधी डॉक्टरांना एक तपासणी हवी होती. मेहुणे म्हणाले, "लागेल तेवढंच घ्या." मग खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. लॅपटॉप बॅगेतच होता.

डॉक्टर बाहेर आल्या. "हिमोग्लोबिन आणखी उतरलेलं नाही. रक्त चढवायची गरज नाही. आज नळी काढू."

नेमकं किती, हे विचारायला मी तोंड उघडलं. मेहुणे आधीच उठले होते.

"आत जाऊ?" त्यांनी विचारलं.