वहीतली तनुजा

आनंदराज पोरगा वाईट नव्हता हो. आई धुरपताबाई लोकांच्या रानात खुरपायला जाणारी, आणि त्या घरात मास्तर होणारा हा पहिलाच. लातूरला बी.एड.ला नंबर लागला तेव्हा माउलीनं अख्ख्या गल्लीत साखर वाटली होती.

बी.एड.वाल्यांना शाळेत पाठवतात तेव्हा एक काम असतं, व्यक्ती अभ्यास. मागं पडलेलं एक लेकरू निवडायचं, आठ आठवडे त्याच्यापाशी बसायचं, काय फरक पडला ते वहीत लिहायचं. आनंदराजनं पाचवीतली तनुजा निवडली. जोडाक्षर आलं की पोरगी बोट तिथंच दाबून धरायची आणि गप्प व्हायची. दोन दिवस तो तिच्यापाशी जीव लावून बसला. तिसऱ्या दिवशी मित्र म्हणाले, "येडा हायस का? मागच्या बॅचची वही घे, नाव बदल. कोण वाचून राहिलंय?"

शिक्षक भरतीची परीक्षा तोंडावर आलेली. आनंदराज अभ्यासिकेत जाऊन बसू लागला, आणि इकडं वहीत तनुजा दर आठवड्याला सुधारू लागली. शेवटच्या पानावर त्यानं लिहिलं, 'तनुजा आता अस्खलित वाचते.'

कोणी वाचत नाही म्हणे! मुख्याध्यापकांनी वाचलं. बिचारे खूश झाले, सही केली आणि वाचनाच्या जादा तासातून तनुजाचं नाव काढून टाकलं. तिच्या आईला, केवळाबाईला, बोलावून कौतुकानं सांगितलंसुद्धा.

पुढं निकाल लागला, पहिला वर्ग. आनंदराज पेढे घेऊन शाळेत आला तर फाटकातच केवळाबाई भेटली. तिनं हात जोडले.

"सर, तुमचे लई उपकार. पण पोरगी आता आळस करून राहिली बघा. घरकुलाचा कागद आला, वाच म्हणलं तर रडाय लागली. तुम्ही लिहून देता येतंय म्हणून, अन् ही म्हणती येत न्हाई. मी बी मग सोडते व्हय? दोनदा चांगलं बदडून काढलं."

आनंदराज गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? वही कॉलेजच्या कपाटात, निकाल हातात. पण त्या एवढ्याशा पोरीनं खरं बोलून मार खाल्ला होता.

"मावशी, तिला खरंच येत न्हाई," तो म्हणाला. "मी शिकवलंच न्हाई. वहीत सगळं खोटं लिहिलं."

केवळाबाई रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पदर तोंडाला लावला.

"मारताना ती तुमचंच नाव घेत होती सर," ती म्हणाली. "सरांना इचार, सरांना इचार, म्हणत होती."