साडूंचं घर पाहणं

जळगावात आणि धुळ्यात विक्रीला निघालेलं, पण आमच्या साडूंनी आतून न पाहिलेलं घर सापडणं कठीण आहे. हे मी गमतीनं म्हणत नाही. त्यातली निम्मी घरं मीही त्यांच्याबरोबर पाहिली आहेत, आणि उरलेल्यांची वर्णनं मला पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर आणि एकदा तर स्मशानात, भलत्याच कुणाच्या चितेपाशी उभं राहून ऐकावी लागली आहेत. माणसांना गावातली देवळं पाठ असतात, चहाची दुकानं पाठ असतात. साडूंना जिने पाठ आहेत. कुठल्या इमारतीत सोफा दुसऱ्या वळणावर अडकेल, कुठल्या गल्लीत पाण्याचा टँकर शिरत नाही, कुठल्या गच्चीला कुलूप असतं आणि त्याची किल्ली कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या रागीट बाईंकडे असते, हे ते झोपेतही सांगतील. फक्त स्वतःचं घर तेवढं त्यांना कित्येक वर्षं सापडलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना नाना म्हणतात आणि मेहुणीला अक्का. नाना मूळचे धुळ्याकडचे, नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, आणि लग्न झाल्यापासून संसार तिथल्याच वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. आता निवृत्तीच्या आधी आपलं असं एक घर घ्यावं, एवढंच अक्कांचं म्हणणं होतं. त्यांची मागणीही फार नव्हती. ओट्याशी उभं राहिलं की समोर खिडकी असावी आणि भिंतीत खिळा ठोकताना कुणाची परवानगी लागू नये. नानांनी लगेच होकार दिला. "पण घाई नको," ते म्हणाले, "घर म्हणजे काय बाजारातलं वांगं शे का, दाबून पाहिलं आणि पिशवीत टाकलं?" खरं सांगायचं तर नाना भरताचं वांगं घेतानाही बाजाराच्या तीन फेऱ्या मारतात, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच आठवलं नाही.

घर पाहण्याची त्यांची एक रीत होती. पहिली गोष्ट म्हणजे घर भर मे महिन्यात पाहायचं, आणि तेही दुपारी दोनला. खानदेशातल्या मे महिन्यात दुपारी दोनला कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, पण आम्ही दोघं डोक्याला उपरणी गुंडाळून माझ्या स्कूटरवरून निघायचो. "डिसेंबरमध्ये काय, कोणतंही घर बरंच वाटतं," असं त्यांचं म्हणणं. घरात शिरले की ते पश्चिमेकडची खोली शोधत, पंखा बंद करायला लावत, शर्ट काढून बनियनवर जमिनीवर मांडी घालून बसत आणि घरमालकालाही बसायला सांगत. मग कुणी काही बोलायचं नाही. शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येतो का, वरच्या मजल्यावरचं पाट सरकवणं ऐकू येतं का, हे ते ऐकत असत. घामानं निथळणारा मालक माझ्याकडे केविलवाण्या नजरेनं पाही आणि मी छताकडे. बऱ्याच वेळानं नाना उठत, नाण्यानं भिंती वाजवून पाहत, आणि शेवटी ते वाक्य येई, ज्याची मला पुढे पुढे धास्तीच बसली: "बठ्ठं बरं शे, पन..."

सगळं बरं आहे, पण... आणि त्या 'पन'नंतर काय येईल याचा नेम नसे. एका घराचं दार उघडलं की समोरच्याच्या देव्हाऱ्यात नजर जाते म्हणून ते गेलं. नशिराबादच्या अलीकडचा एक बंगला हायवेवरच्या ट्रकांमुळे गेला. ते मलाही पटलं. पण एक घर, तिथल्या गल्लीत कुणीच ओट्यावर बसलेलं दिसत नाही म्हणून नापास झालं. "ज्या गल्लीत माणसं बाहेर बसत नाहीत, तिथं आजारी पडलं तर कळणार कुणाला?" असं ते म्हणाले. गल्लीची चौकशीही ते आडून करत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिरायचं, हरभऱ्याची डाळ घ्यायची, आणि डाळ मोजली जाईपर्यंत भांडणं, पाणी, भटकी कुत्री या सगळ्यांचा तपास करायचा. दुकानदार मारवाडी असला तर ते त्याच्याशी त्यांच्या मते मारवाडीत बोलत आणि तो बिचारा शुद्ध मराठीत उत्तरं देई. घर काही मिळालं नाही, पण अक्कांच्या स्वयंपाकघरात दोन्ही शहरांतल्या प्रत्येक वस्तीची हरभरा डाळ येऊन पडली. तो सबंध हिवाळा आम्ही त्यांच्याकडे पुरणपोळ्या खाल्ल्या.

नव्या इमारतींच्या नमुना फ्लॅटमध्ये तर त्यांना नेणं म्हणजे संकटच. एका ठिकाणी कोट घातलेली एक हुशार मुलगी आम्हांला पोहण्याचा तलाव कुठे होणार, व्यायामशाळा कुठे होणार, हे रंगीत चित्रावर बोट ठेवून सांगत होती. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, बिबड्या कुठं वाळवायच्या?" मुलगी पुण्याची होती. तिला वाटलं, हा कुत्र्याचा एखादा प्रकार असावा. ती म्हणाली, "सर, सोसायटीच्या नियमात बसलं तर पाळता येईल." बिबड्या म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवर वाळवायचे ज्वारीचे पापड, हे मी तिला बाजूला घेऊन समजावलं. तोपर्यंत नाना जिन्यानं वर जाऊन गच्चीचं कुलूप हलवून पाहत होते.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे, घर का विकताय हे ते मालकाला विचारत. बाकीचे लोकही विचारतात, पण उत्तर ऐकून सोडून देतात. नाना उत्तर मनावर घेत. धुळ्याला देवपुरात एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर आम्ही पाहिलं. ऐसपैस अंगण, दारात पेरू, ओट्यासमोर मोठी खिडकी. अक्का बरोबर होत्या आणि त्यांनी त्या ओट्यावरून हात फिरवला, तेव्हाच मी ओळखलं की हेच ते घर. नाना म्हाताऱ्याजवळ बसले आणि गावच्या बोलीत म्हणाले, "बाबा, इतलं चांगलं घर, का बरं इकी ऱ्हायनात?" म्हातारा आधी म्हणाला, मुलगा पुण्याला बोलावतोय. थोड्या वेळानं म्हणाला, आपल्याला जायचं नाहीये. मग आतून म्हातारी येऊन रडायला लागली. संध्याकाळपर्यंत नाना त्या पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलले होते, आम्हां सगळ्यांची भरीत-भाकरी झाली होती आणि घर विकायचं रद्द झालं होतं. परतीच्या एसटीत अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. पारोळा मागे पडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, आपल्याला घर घ्यायचंय, की लोकांची घरं वाचवायचीत?" नानांना तो कौतुकाचा शब्द वाटला. त्यानंतर मात्र अक्कांनी घरं पाहायला येणं बंद केलं.

निवृत्ती व्हायची ती झालीच. शाल, नारळ आणि एक मोठं भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि ते लावायला भिंत नव्हती. क्वार्टर रिकामं करावं लागलं. भुसावळला भाड्याच्या दोन खोल्यांत सामान गेलं, तेही दोरीनं बांधलेल्या खोक्यांत. "आता काय, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न," असं नाना प्रत्येकाला सांगत. खोकी उघडायची नाहीत असं ठरलं, कारण पुन्हा बांधावी लागतील. एक दिवाळी खोक्यांवर पणत्या ठेवून झाली. दुसरी दिवाळीही तशीच गेली. अक्कांचा गुडघा धरला, जिना चढणं अवघड झालं, आणि त्यामुळे नानांच्या यादीतली वरच्या मजल्यांची घरं आपोआप गेली. अक्का घराचं नावही काढत नसत. माझ्या बायकोनं एकदा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "राहू दे गं. सवय झालीय." माझी बायको त्या दिवशी घरी येऊन माझ्यावर चिडली. नानांवर चिडून काही उपयोग नव्हता.

आणि मग एक दिवस ते घर सापडलं. जळगावातल्या एका जुन्या कॉलनीतलं बैठं घर, पुढे थोडी मोकळी जागा, गल्लीत ओट्यावर बसलेली माणसं. मालक दोघे भाऊ, नाशिकला स्थायिक झालेले. घर दलाल दाखवत होता. मागच्या खोलीला कडी होती, तिथं जुनं सामान आहे असं तो म्हणाला. नाना बनियनवर बसले, भिंती वाजवून झाल्या. मग ते उठले आणि म्हणाले, "बठ्ठं बरं शे." मी 'पन'ची वाट पाहिली. दलालानंही पाहिली, तोही आता नानांना ओळखत होता. पण ते आलंच नाही. नानांनी शर्ट घातला, बटणं लावली आणि माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. मला स्कूटर चालवताना समोरचं नीट दिसेना.

दुसऱ्या दिवशी कपाट मावेल का हे मोजायला ते टेप घेऊन एकटेच गेले. मागची खोली उघडी होती. तिथं सामान नव्हतं, एक म्हातारी बाई मेथी निवडत बसली होती. त्या भावांची आत्या. नवरा गेल्यापासून ती त्याच खोलीत राहत होती. तिनं नानांना पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि विचारलं, "भाऊ, ही खोली भाड्यानं देशाल का? मी एकलीच शे. मना काही तरास नई." नाना पाणी प्यायले, त्यांनी टेप खिशात घातला आणि तसेच दलालाकडे जाऊन घर नको म्हणून सांगून आले.

आम्हांला त्यांनी सांगितलं की गल्ली अरुंद आहे. मी त्या गल्लीतून स्कूटर नेली होती, पण गप्प बसलो. अक्कांनी मात्र नवऱ्याचा चेहरा ओळखला. चांगले आठ-पंधरा दिवस त्या थांबल्या आणि एके सकाळी चहा देताना त्यांनी सगळं काढून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, मग ठेवलं असतं की तिला मागच्या खोलीत. मलाही दिवसभर बोलायला कुणीतरी झालं असतं. मला एकदा विचारलं असतं तर?"

हे नानांना सुचलंच नव्हतं. म्हातारीला बाहेर काढायचं किंवा घर सोडायचं, या दोन गोष्टींपलीकडे त्यांचं मन गेलंच नव्हतं. त्याच सकाळी दोघं जळगावला आमच्या घरी आले, मला घेतलं आणि आम्ही रिक्षानं त्या घरी गेलो. अक्का कित्येक वर्षांनी घर पाहायला आल्या होत्या. दाराला नवं कुलूप होतं. दलाल फोनवर म्हणाला, "नाना, तुम्हीच नको म्हटलंत ना! झाला सौदा. घेणारे पाडून नवं बांधणार आहेत." आणि आत्या? शेजारची बाई म्हणाली, मुक्ताईनगरकडे कुणी नातेवाईक आहेत, तिकडे नेली म्हणे. अक्का दुखऱ्या पायानं घराला वळसा घालून मागे गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून त्यांनी आतला ओटा पाहिला. मग पदरानं काचेवरची धूळ पुसली, जणू घर आपलंच आहे, आणि म्हणाल्या, "चला."

त्यानंतर नानांनी पहिलाच दाखवलेला फ्लॅट घेतला. जळगावातच, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आहे. भिंतीवर नाणं वाजवलं नाही, बनियनवर बसले नाहीत. मीच न राहवून म्हटलं, "नाना, दुपारचं एकदा पाहून घेऊ या का?" तर म्हणाले, "तुम्ही पाहिलंय ना साडूभाऊ? मग झालं." इतकी वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली, ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

परवा गेलो होतो. अक्कांचं बरं चाललंय. ओट्यासमोर खिडकी आहे, तीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण उजेड येतो. नाना गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी बसलो. बराच वेळ खालची वाहतूक पाहून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "क्वार्टर कसं, सोडून जायचंच असतं. म्हणून कसलंही चालतं. हे आता सोडायचं नाही ना. इथून पुढं कुठं जायचंच नाही, या विचारानं मन धजतच नव्हतं बघा. हिला काय सांगू? वाटायचं, जरा अजून एक पाहू." मग म्हणाले, "त्या मागच्या खोलीतल्या बाईला विचारून यायला पाहिजे होतं, कुठं जाशील म्हणून."

आतून अक्कांनी चहाला हाक मारली. नाना लगबगीनं उठले, हॉलमध्ये गेले आणि सवयीनं डावीकडे वळले. क्वार्टरमध्ये स्वयंपाकघर डावीकडे होतं. इथं तिकडे नुसतीच भिंत आहे. ते भिंतीसमोर क्षणभर उभे राहिले, तिच्यावर तळहात ठेवला आणि हळूच मागे वळून मी पाहतोय का ते पाहिलं. मी खालच्या रस्त्याकडे पाहत राहिलो.