सायकलच्या दांडीवरचा टॉवेल

सोलापुरात टॉवेल विणले जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते धुतलेही जात असतील, पण मी ज्या तळघरातल्या जिममध्ये जातो तिथं नाही.

तिथल्या जागेवरच फिरणाऱ्या सायकलीच्या दांडीवर एक टॉवेल कायम पडलेला असे. मूळ रंग विणणाऱ्यालाच माहीत. हाताला थंडगार, किंचित चिकट. वास म्हणाल तर नासलेलं ताक, ओले मोजे आणि कुणाच्या तरी डोक्याचं तेल. मला पार्किन्सन्स आहे. त्यात अनेकांना वास येईनासा होतो म्हणे. माझा आवाज बसला, चेहरा दगड झाला, उजवा हात थरथरू लागला. नाक तेवढं ठणठणीत राहिलं.

हाताचं मला फारसं वाटलं नव्हतं. पण दर रविवारी आम्ही तिघे मित्र एका हॉटेलात भजी खातो आणि मी किस्से सांगतो, हाच माझा आयुष्यभराचा मान. एका रविवारी मी माझा हुकमी किस्सा सांगितला. शेवटाला कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, "बरं वाटंना का? घरी सोडू?" दुसऱ्यानं माझा कप उचलून चक्क माझ्या ओठांना लावला. मला त्या चहाची, त्या प्रेमळ बोटांची आणि ओठांवरून हनुवटीवर आलेल्या ओघळाची अशी किळस आली की सांगता सोय नाही.

डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि गोळ्यांच्या जोडीला दमवणारा व्यायाम सांगितला. फेरफटका नको, धाप लागली पाहिजे. आजार जाणार नाही, पण शरीर चालतं राहायला मदत होईल. त्यासाठी जी फिजिओथेरपिस्ट भेटली ती विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू बोलते आणि माझ्याशी धारदार मराठी.

पहिल्याच दिवशी पाय मारता मारता मी सुरुवात केली, "एकदा बार्शीच्या एसटीत काय झालं..."

"काका, गोष्ट सांगता येतेय?"

"ऐक की, मजा हाय."

"गोष्ट सांगता येतेय म्हणजे पाय जोरात फिरत नाहीत." तिनं बटण फिरवून सायकल जड केली. "दोन-तीन शब्दांत दम लागला पाहिजे."

बायकोनं मला अनेकदा गप्प केलंय, पण यंत्र लावून कधी नाही.

मधल्या विश्रांतीत ती म्हणायची, "आता चेहरा मोठा करा आणि जोरात आ म्हणा." म्हणजे त्या टॉवेलासमोर तोंड उघडायचं. मी घरून स्वतःचा स्वच्छ टॉवेल नेला. शेजारच्या सायकलीवरचे एक धष्टपुष्ट गृहस्थ उतरले, माझा टॉवेल उचलला, सावकाश काखा पुसल्या, मग कान, मग पायाच्या बोटांच्या बेचक्या. मी ओरडलो असतो, पण दम नव्हता. त्यांनी तो नीट घडी करून माझ्या दांडीवर ठेवला. "तुमचा लई मऊ हाय, काका."

घरी येऊन मी जाहीर केलं, "उद्यापासून जिम बंद."

बायको कणीक मळत होती. "बरं. मग रविवारी मी पण येते हॉटेलात. कप धरायला कुणीतरी पाहिजेच की."

दुसऱ्या दिवशी मी सायकलीवर होतो, टॉवेल बनियनच्या आत खोचून.

काही महिन्यांनी एका रविवारी मी मित्रांना या टॉवेलाचा किस्सा सांगितला. 'आ' म्हणायचो त्या आवाजात सुरुवात केली. चेहरा हलत होता की नाही, देव जाणे. थरथरता हात मात्र कामी आला, त्यानं मी टॉवेल पिळून दाखवला. काखांपाशी पोहोचलो तेव्हा मला चहा पाजणाऱ्याच्या हातातलं भजं तोंडाजवळ थांबलं. कानांपाशी त्यानं ते बशीत ठेवलं.

"गप की आता. खाऊ दे."

मी बोटांच्या बेचक्यांकडे वळलो. घरी सोडू म्हणणाऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. हसू दाबताना त्याचे खांदे गदगदत होते. चहा पाजणाऱ्यानं बशी माझ्याकडे ढकलली. "घाणेरडा हायस तू. तूच खा."

चहा माझ्यापुढं होता. कपाला कुणी हात लावला नाही. मी त्यानं टाकलेलं भजं उचललं, हात हलत असल्यानं जरा वेळ लागला, आणि शेंगाचटणीत बुडवून खाल्लं.