झाकणाच्या आतल्या रेघा

जपानला निघालो त्या सकाळी कर्जतजवळच्या भिसेगावहून निघालेली गाडी बाबांनी खालापुरात थांबवली, आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर. हातातलं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं. "चावी रोज दे रं. आन् झाकण उगाच उघडू नको."

झाकणात काय आहे ते मला ठाऊक होतं. दर दसऱ्याला हत्यारं पुजून झाली की बाबा ते घड्याळ उघडत, तेल देत आणि झाकणाच्या आतून सुईनं एक रेघ ओढत. वर्षाला एक. आई गेली त्या वर्षी त्यांचा हात हलला, तेवढी एक रेघ वाकडी आली.

इथं मी महागड्या घड्याळांच्या कारखान्यात आहे. सात वर्षं एकच काम, घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, घासायचं. फिरत्या चकतीवर धातू असा धरायचा की त्यात छताची ट्यूबलाइट सरळ दिसली पाहिजे. जरा वाकली की वरचे साहेब तुकडा परत माझ्यापुढे ठेवतात. मान गेली, डोळे गेले. बाबा फोनवर विचारतात, "अजून घासतोच हायेस?" माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही काय सांगता घरी? मी नुसतं हो म्हणतो.

गेल्या वर्षी गावी जायच्या आधी मला हुक्की आली, बाबांना आपली कारागिरी दाखवायची. त्यांचं घड्याळ खोललं आणि सगळं घासलं. झाकण आतूनसुद्धा. खरं सांगतो, रेघा मला दिसल्याच नाहीत. ओरखडे दिसले. डोळ्यांना आता तेवढंच कळतं.

दुकानात बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. "अगागा! काय हात बसलाय रं तुझा!" मग झाकण उघडलं. भिंग काढून पुसलं, परत लावलं. "तुझी आई कुठं गेली रं हितली?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुई माझ्यापुढे केली. "माझ्या आता सगळ्याच वाकड्या येतील. तू ओढ."

इतकी वर्षं ओरखडे पुसणारा हात, सुई टेकवायलाच धजेना. शेवटी ओढली. वाकडीच आली.

"हां," बाबा म्हणाले, "अशीच व्हती."

घड्याळ पुन्हा माझ्या मनगटावर आहे. घर कुठं म्हणून कुणी विचारलं, तर पूर्वी मी कर्जत सांगायचो. आता घड्याळाला चावी देतो. आत एकच रेघ आहे, ती मी घासणार नाही.